वळणावरच्या खांबाची बांधणी

आता आपण गावातल्या 11 केव्ही लाइनीकडे वर बघू. अ‍ॅल्युमिनियमची तार चिनीमातीच्या पिन इन्सुलेटरला लाइनमन हातानंच बांधतो. बाइंडिंगची तारही अ‍ॅल्युमिनियमचीच, मऊ. तांब्याची वापरली, तर ओल लागून अ‍ॅल्युमिनियम खात जातं.

सरळ लाइनीत तार माथ्यावरच्या खाचेत बसते. वळणावर मात्र बाजूच्या खाचेत, तीही वळणाच्या बाहेरच्या अंगाला. का? कारण ताण तारेला आत ओढतो, म्हणजे इन्सुलेटरवरच दाबतो. आतल्या अंगाला बांधली की सगळा भार त्या मऊ वेढ्यांवर! वेढे सैल पडले की वाऱ्यानं तार घासते, पिळातले पदर एकेक करून तुटतात आणि चालू तार शेतात पडते. कोरड्या जमिनीवर पडली, तर फीडर ट्रिप होईलच असंही नाही.