सातबारा मयताचा, सह्या कोणाच्या?

हक्क : मालकाच्या मृत्यूबरोबरच वारसांकडे जातो, उताऱ्यावर जुने नाव राहिले तरी. एकाच वारसाने खरेदीखत केले, तर विकला जातो फक्त त्याचा हिस्सा.

वारस कोण : हिंदू वारसा कायदा, १९५६. मृत्युपत्र नसल्यास पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगे, मुली, विधवा आणि आई यांना समान वाटा. विवाहित मुलीलाही तेवढाच. तिची सही आधी तपासावी. हिस्सा सोडला असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, तोंडी संमती पुरत नाही.

वारस नोंद : तलाठ्याला ३ महिन्यांत कळवायची. गाव नमुना ६-क मध्ये चौकशी, मग फेरफार. फेरफार महसुलापुरता असतो, तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे.

दोन वेगळी प्रमाणपत्रे
- वारस प्रमाणपत्र : दिवाणी न्यायालयाकडून, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ नुसार.
- उत्तराधिकार प्रमाणपत्र : १९२५ चा कायदा. फक्त येणी व रोख्यांसाठी, जमीन-घरासाठी नाही.

कुलमुखत्यारपत्र : सर्वसाधारणपणे, देणारा वारला की संपते.

नॉमिनी : फ्लॅटचा मालक नव्हे, वारसांचा विश्वस्त.

अज्ञान वारस : त्याचा स्वतंत्र हिस्सा विकण्यास पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते.