घड्याळ जुळेना, वर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’?

पेडणे-डिचोलीत पावसात वीज गेली आणि कॉम्प्युटरच्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला, की मशीन चालू होतं ते थेट जुन्या तारखेवर. मग बँकेची साइटही प्रमाणपत्र चुकीचं म्हणून उघडत नाही. घरातल्या दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरकडून वेळ घ्यायला ‘नेट टाइम’ची आज्ञा द्यावी, तर समोर येतं: सिस्टीम एरर ५, अ‍ॅक्सेस इज डिनाइड.

नकार कोणाचा, ते आधी ओळखा. दुसऱ्या कॉम्प्युटरची वेळ दिसते पण इथे लागत नाही, तर अडवतोय आपलाच कॉम्प्युटर. कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करून तो ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. वेळ दिसतच नसेल, तर पलीकडचा कॉम्प्युटर तुम्हाला ओळखत नाही. तिथल्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्यावा लागेल. घरात कशाला पासवर्ड, म्हणून तो आपण कोरा ठेवतो, आणि कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. माझ्या मते पहिली शंका इथेच घ्यावी.

त्याहून बरं म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरने इंटरनेटवरून वेळ घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ राखणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सर्व्हर आहे: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ पोर्ट मोकळा हवा. घड्याळ १५ तासांहून जास्त चुकलं असेल, तर विंडोज मूळ सेटिंगमध्ये ते आपणहून सुधारत नाही; आधी तारीख हाताने लावा. आणि सेल बदला.