घेल : मनोरुग्णांना घरात ठेवून घेणारे गाव

1880 साली हॉलंडमधले एक धर्मोपदेशक आपल्या मुलाच्या काळजीने बेजार झाले होते. मुलगा पंचविशी उलटलेला, एकाही नोकरीत न टिकलेला. खाणकामगारांच्या वस्तीत प्रवचने देत फिरला आणि तिथे अंगावरचे कपडेसुद्धा वाटून मोकळा झाला. अखेर वडिलांनी त्याला शेजारच्या बेल्जियममधल्या घेल या गावी नेऊन ठेवायचे मनात घेतले. मुलगा भडकला, बेत बारगळला. त्या मुलाचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

वडील प्रॉटेस्टंट, घेल कॅथलिकांचे. तरी अशा मुलासाठी त्यांना हेच गाव आठवले, एवढा त्याचा लौकिक होता. अँटवर्प शहराच्या पूर्वेला, केम्पन नावाच्या रेताड मुलखात हे गाव आहे. जमीन हलकी, शेती बेताची. इथले शेतकरी कित्येक शतके मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेत आले. वेगळ्या कोठडीत किंवा गोठ्याशेजारच्या खोपटात नव्हे, घरात, आणि जेवायला आपल्याच टेबलावर. आलेला माणूस वर्षानुवर्षे राही. घरधनी म्हातारा होऊन गेला की मुलगा किंवा सून त्याला सांभाळी.

याची सुरुवात एका दंतकथेत आहे. डिम्फ्ना ही आयर्लंडमधल्या एका राजाची मुलगी. राणी वारली आणि राजाचे डोके फिरले. आईसारख्याच दिसणाऱ्या मुलीशी लग्न करायचे त्याने ठरवले. डिम्फ्ना आपल्या वृद्ध धर्मगुरूला, गेरेबर्नसला, बरोबर घेऊन समुद्रापार पळाली आणि घेलला येऊन राहिली. वाटेतल्या खाणावळींत दिलेल्या नाण्यांवरून राजाने माग काढला आणि तिथेच तिचे शिर उडवले. हे सातव्या शतकात घडले म्हणतात, पण तिचे चरित्र लिहिले गेले तेराव्या शतकात. तेव्हा इतिहास म्हणून त्यावर फार भार टाकू नये. लोकांनी मात्र तिला मनोरुग्णांची संत मानले, कारण वेडापुढे ती नमली नाही. 15 मे हा तिचा सण.

तिच्या नावाचे चर्च 1349 पासून बांधायला घेतले. दूरदूरहून लोक आपल्या घरचा रुग्ण घेऊन येऊ लागले. नऊ दिवसांचे अनुष्ठान असे, त्यासाठी पंधराव्या शतकात चर्चला लागून रुग्णांची खोली बांधली गेली. गाणगापूरला माणसे आपल्या घरच्या झपाटलेल्या माणसाला घेऊन मुक्कामाला राहतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही. नवे आहे ते पुढचे. गर्दी वाढली, खोली पुरेना, तेव्हा चर्चच्या लोकांनी गावकऱ्यांना सांगितले की यांना तुमच्या घरी उतरवून घ्या. नऊ दिवस संपले तरी कित्येक रुग्ण बरे झाले नाहीत. नातेवाईक त्यांना तिथेच सोडून, खर्चाचे पैसे देऊन परतले. गावाने त्यांना राहू दिले.

अशा आतिथ्याची शिकवण ख्रिस्ती धर्मात जुनीच. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात परक्याला घरात घेण्याला येशूने स्वतःच्याच सेवेचे मोल दिले आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमांतही आलेल्या पाहुण्याचे स्वागत ख्रिस्त समजून करावे असे आहे. मठातल्या साधूंना हे जमावे यात नवल नाही. हलक्या जमिनीवर राबणाऱ्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हे चालवले, तेही ज्याला बाकी युरोप साखळदंडात ठेवत होता अशा पाहुण्यासाठी, ही खरी नवलाची गोष्ट.

अर्थात घेल म्हणजे संतांची वसाहत नव्हती. पाहुण्याचे पैसे मिळत आणि गरीब घराला त्यांची गरज असे. शिवाय शेतावर राबायला आणखी दोन हात मिळत. पळून जाणाऱ्या काहींच्या पायांत एकोणिसाव्या शतकातही बेड्या असत. बेल्जियममधलेच नामांकित मनोविकारतज्ज्ञ जोझेफ गिलँ यांनी या पद्धतीवर कडक टीका केली होती, आणि ती सगळीच अनाठायी नव्हती. फ्रेंच डॉक्टर एस्किरोल 1821 साली मुद्दाम घेल पाहून आले. मनोरुग्ण गावात मोकळे फिरतात, शेतात काम करतात आणि त्यांचे कुणाला काही वाटत नाही, हे त्यांना विलक्षण वाटले. 1850 च्या कायद्याने बेल्जियम सरकारने ही व्यवस्था आपल्या देखरेखीखाली घेतली. डॉक्टर नेमले गेले, पुढे 1862 साली रुग्णालयही उघडले. आलेल्या माणसाला आधी तिथे ठेवून, पारखून, मग योग्य घरी पाठवायचे असा क्रम लागला. हे बरेच झाले. नुसती श्रद्धा आणि नुसता चांगुलपणा यांच्यावर एखाद्या असहाय माणसाला सोपवणे धोक्याचेच असते.

मग यात बरे काय होते? त्याचे उत्तर घरांच्या आत मिळते. काही दशकांपूर्वी घेलमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीने एका घरातली हकीकत सांगितली आहे. त्या घरातला पाहुणा रोज दिवसभरात शर्टाची सगळी बटणे पिळून तोडायचा आणि घरची बाई रोज रात्री ती पुन्हा शिवायची. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने पक्की का शिवत नाही, असे तरुणीने सुचवले. बाईने साफ नकार दिला. बटणे तोडणे ही त्या माणसाची गरज आहे, ती तोडू दिलीच पाहिजेत, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या एका घरातल्या पाहुण्याला भिंतीतून सिंह येताना दिसत. घरची बाई भिंतीकडे धावून सिंहांना हुसकावल्याचा आविर्भाव करी आणि पाहुणा शांत होई. तिथे सिंह नाहीतच, हे पटवून देण्याच्या भरीला ती पडली नाही.

पाहुण्याला कोणता आजार आहे हे यजमान घराला सहसा सांगितले जात नाही. कसे वागायला लागेल, औषध कधी द्यायचे एवढे कळले की पुरे. घरच्यांना मग त्या माणसात जे दिसते तेच दिसते. हा गाईंचे छान करतो, ही लेकरांना खेळवते, हा गप्प बसतो पण कामाला चोख आहे. घेलमध्ये तान्ही मुले निर्धास्तपणे पाहुण्यांच्या कडेवर दिलेली असत. शिकलेल्या पाहणाऱ्याला आधी आजार दिसतो आणि माणूस नंतर. घेलच्या बायकांना हा क्रम उलटा ठेवता आला, कारण त्यांनी कुणाला बरे करायचे ठरवलेच नव्हते. दुसऱ्यातले चांगले पाहणे म्हणजे उदारपणे डोळेझाक करणे, असे आपण समजतो. इथे तसे नव्हते. बटणे रोज तुटत होती आणि ती शिवावी लागत होती, हे त्या बाईला नीट माहीत होते.

बाहेरच्यांनी टिंगल करायची ती केलीच. अर्धे घेल वेडे आणि उरलेले अर्धवेडे, अशी त्या भागात म्हणच पडली. घेलच्या लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, 1938 मध्ये, घेलच्या घरांत 3700 हून अधिक पाहुणे होते. नंतर हा आकडा उतरत गेला. ट्रॅक्टर आले, शेतावरच्या हातांची गरज संपली. बायका नोकरीला लागल्या, दिवसभर घरी कोण असणार? 1950 नंतर प्रभावी औषधे आली आणि रुग्णांना राहण्याच्या इतर सोयीही झाल्या. ल्युव्हेन विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ युजीन रोसेन्स यांनी हा बदल अनेक वर्षे अभ्यासून त्यावर पुस्तके लिहिली. मज्जासंस्थेचे डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स हेही घेलला जाऊन आले होते. सध्या पाहुण्यांची संख्या पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे. यजमान घराला सरकारकडून मिळणारा भत्ता तुटपुंजा आहे. तेवढ्यासाठी कुणी परक्या माणसाला आयुष्यभर घरात ठेवून घेणार नाही, म्हणजे जी घरे आजही ठेवून घेतात त्यांचे कारण पैसा नाही हे उघड आहे. बहुतेक यजमानांनी आजी-आजोबांच्या घरातला पाहुणा लहानपणापासून पाहिलेला असतो.

ही पद्धत उचलून जशीच्या तशी दुसरीकडे नेण्याचे प्रयत्न फ्रान्ससह काही देशांत झाले. त्यातले काही टिकलेही, पण घेलइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. पद्धत नेता येते, पाहुण्याला सरावलेले शेजारी कुठून आणणार? 2023 साली युनेस्कोने घेलच्या या परंपरेची नोंद अमूर्त वारशाच्या जतनाचा उत्तम नमुना म्हणून आपल्या यादीत केली. गावातले सरकारी मनोरुग्णालय अजूनही पाहुण्यांसाठी नवी घरे शोधते.