थायरॉइडच्या गाठी आणि सीटी स्कॅनची साक्ष

मानेच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून असणाऱ्या थायरॉइड ग्रंथीत गाठी आढळणे ही अत्यंत सामान्य बाब असून, अशा 100 गाठींपैकी सुमारे 90 ते 95 गाठी साध्या, म्हणजे कर्करोगाशी संबंध नसलेल्या असतात. छातीच्या किंवा मानेच्या दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये अशी गाठ अनपेक्षितपणे दिसते, तेव्हा ती साधी की कर्करोगाची, हे त्याच चित्रांवरून सांगता येईल का, असा प्रश्न रुग्णाच्या मनात साहजिकच उभा राहतो.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण शरीराच्या वेगवेगळ्या भागांत किती अडतात, हे हौन्सफील्ड एककांत मोजले जाते. या मापनात पाणी शून्यावर, तर हवा उणे 1000 वर असते. निरोगी थायरॉइडमध्ये आयोडीनचा साठा असल्यामुळे ती शेजारच्या स्नायूंपेक्षा उजळ दिसते आणि आयोडीन साठवू न शकणारी गाठ त्या उजळ भागात काळसर उमटते. मात्र साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ या दोन्ही काळसर दिसू शकत असल्याने केवळ या छटेवरून निदान होत नाही. कॅल्शियमचे मोठे साठे सीटीत स्पष्ट दिसतात. पण थायरॉइडच्या पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगाची शंका वाढवणारे कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण टिपण्यात सोनोग्राफीच सरस ठरते.

सीटीचे खरे सामर्थ्य गाठीच्या आतील घडणीपेक्षा तिच्या विस्ताराचा वेध घेण्यात आहे. गाठीने ग्रंथीचे आवरण ओलांडून श्वासनलिकेत किंवा अन्ननलिकेत शिरकाव केला आहे का, मानेतील लसीका ग्रंथी द्रवयुक्त किंवा कॅल्शियमयुक्त झाल्या आहेत का, मोठा गलगंड उरोस्थीमागे छातीत उतरला आहे का, या प्रश्नांची उत्तरे शस्त्रक्रियेचे नियोजन करणाऱ्या सर्जनला सीटीतून मिळतात. त्यांपैकी आवरणाबाहेरचा शिरकाव आणि विकृत लसीका ग्रंथी ही कर्करोगाची गंभीर चिन्हे मानली जातात. तपासणीपूर्वी शिरेतून दिल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असल्यामुळे पुढे किरणोत्सारी आयोडीनचे उपचार करायचे असल्यास काही आठवडे थांबावे लागते, ही गोष्टही डॉक्टरांना आधीच लक्षात घ्यावी लागते.

म्हणूनच सीटीत योगायोगाने आढळलेल्या गाठीबाबत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची 2015 ची शिफारस अशी आहे की, वर सांगितलेली गंभीर चिन्हे नसतील, तर 35 वर्षांखालील रुग्णात 1 सेंटिमीटर आणि त्यापुढील वयात 1.5 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीची सोनोग्राफी करावी. तिच्यात गाठ संशयास्पद दिसल्यास बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात आणि निदानाचा मुख्य आधार हीच तपासणी असते. सीटीच्या अहवालात ‘नोड्यूल’ हा शब्द वाचून हबकून जाऊ नये, तसेच तो अहवाल कपाटात ठेवून विसरूही नये. गाठीचा आकार आणि रुग्णाचे वय पाहून पुढची तपासणी हवी की नको, हे डॉक्टरांकडून ठरवून घेणे हेच शहाणपणाचे ठरते.