एका मिनिटातील शब्द आणि स्मृतिभ्रंशाचे निदान

"एका मिनिटात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे सांगा." डॉक्टरांची ही सूचना मुलांच्या खेळासारखी वाटली, तरी स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शियाच्या तपासणीत तिला महत्त्वाचे स्थान आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ८८ लाख, म्हणजे ७.४ टक्के व्यक्तींना हा विकार असल्याचा अंदाज आहे.

'व्हर्बल फ्लुएन्सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे दोन भाग असतात. पहिल्यात प्राणी किंवा फळे अशा एखाद्या गटातील नावे सांगायची असतात, तर दुसऱ्यात ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द. गटातील नावांसाठी मेंदूच्या कानशिलालगतच्या भागातील अर्थांचा साठा शाबूत असावा लागतो. अक्षरावरून शब्द शोधताना मेंदूच्या पुढच्या भागावर अधिक भार पडतो.

अल्झायमरमध्ये अर्थांचा साठाच क्षीण होत असल्याने प्राण्यांची नावे लवकर आटतात. अक्षरावरून सुचणारे शब्द त्या मानाने टिकून राहतात. मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील दोषामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात शब्द शोधण्याची गती मंदावते आणि अक्षरांची चाचणी अनेकदा अधिक अवघड जाते. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात वर्तन बदललेले रुग्ण तेच शब्द पुन्हा सांगतात किंवा नियम मोडतात. लेवी बॉडी प्रकारात अवधान कमीजास्त होत असल्याने दोन्ही भागांत गुण घटू शकतात.

हा भेद उपचारांच्या दृष्टीने मोलाचा आहे. लेवी बॉडीच्या रुग्णांना भासांवरील काही औषधांचा गंभीर त्रास होऊ शकतो.

इंग्रजीत एफ, ए आणि एस ही अक्षरे वापरली जातात; परंतु त्यांचे नुसते भाषांतर करून भागत नाही. मराठीत 'प'वरून शब्द विचारल्यास 'पणती'बरोबर 'पाणी' आणि 'पिशवी' ग्राह्य धरायचे की नाही, हे आधीच ठरवावे लागते. निरक्षर व्यक्तींसाठी प्राण्यांची चाचणी अधिक योग्य ठरते. वय आणि शिक्षण यांचाही गुणांवर परिणाम होतो.

त्यामुळे केवळ कमी शब्द सुचले म्हणून स्मृतिभ्रंश झाला, असे म्हणता येत नाही. नैराश्य, थायरॉइडचे विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विचारांची गती मंदावते, आणि या कारणांवर उपचार करता येतात. रुग्णाची माहिती, रक्ततपासणी आणि मेंदूचे स्कॅन यांच्या जोडीनेच या एका मिनिटाचा अर्थ लावला जातो.