उष्णता कुणाच्या मालकीची? चिपाड, शेण आणि शेजार

‘गावाची सामाईक उष्णता’ हा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, कोल्हापुरात थंडी ती किती, घरं तापवायची कुणाला पडली आहे? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याकडे यायला आपण डेन्मार्कवरून जाऊ.

तिथल्या निम्म्याहून अधिक घरांत घरागणिक बॉयलर नसतो. गावाचा एक बॉयलर, आणि त्यातलं गरम पाणी जमिनीखालच्या, वेष्टण घातलेल्या नळांतून घरोघर फिरून, निवून परत येतं. सामसो नावाच्या बेटाची १९९७ मध्ये अक्षय ऊर्जेचं बेट म्हणून निवड झाली. तिथं हे पाणी मुख्यतः शेतातला पेंढा जाळून तापवतात. उष्णता-पुरवठ्याचा कायदा त्या देशानं १९७९ मध्ये केला. पुरवणाऱ्या संस्थेनं खर्च भागेल एवढीच आकारणी करायची, नफा काढायचा नाही, हा तिथला नियम. पुष्कळ संस्था तर ग्राहकांच्याच सहकारी संस्था आहेत.

आता हे सगळं सामाईक का करावं लागतं? वीज कोयनेत तयार होते आणि मुंबईत दिवा लागतो. उष्णतेला असा लांबचा प्रवास झेपत नाही, वाटेत ती झिरपून जाते. म्हणून ती जिथं तयार होते तिथंच, शेजारपाजारात, वापरावी लागते. आमच्या वैशेषिकांनी याचा वेगळ्या अंगानं विचार केला होता. त्यांच्या मते उष्ण स्पर्श हा तेजाचा गुण, पाण्याचा स्पर्श मुळात थंडच. तापलेल्या पाण्यातली उष्णता ही त्यात मुक्कामाला आलेल्या तेजाची. आजचं भौतिकशास्त्र हे मान्य करणार नाही, पण बंबातलं पाणी निवताना ज्यानं पाहिलंय त्याला ‘मुक्कामाला आलेलं’ हे म्हणणं पटावं.

कोल्हापुरात घरोघर असे नळ टाकावेत असं आम्ही म्हणणार नाही. माणशी एक-दोन बादल्या पाणी तापवायचं. त्याला छपरावरचा सौर बंब पुरतो. एवढ्यासाठी रस्ते खणले तर उष्णता नळातच संपेल. आपली सामाईक उष्णता कामाच्या ठिकाणी आहे, आणि ती फार जुनी आहे. गुऱ्हाळ बघा.

घाण्यातून रस निघाला की उरतं ते चिपाड. ते उन्हात वाळवायचं आणि त्याच रसाच्या काहिलीखाली, चुलवाणात, जाळायचं. बाहेरून लाकूड नाही, कोळसा नाही. गुळव्या काहिलीवर नजर ठेवतो, जळव्या जाळावर. ऊस आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा, चुलवाण तेच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी, आणि त्या पेठेतली प्रत्येक ढेप अशा आगीवर तयार झालेली होती.

पण या आगीत एक मोठी गळती आहे. रसात पाणीच जास्त. ते उकळीपर्यंत नेणं सोपं. उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र तेच पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता लागते. गुऱ्हाळात ही सगळी वाफ छपरातून आकाशात जाते. अमेरिकेत लुइझियानाच्या उसाच्या मुलखात नॉर्बर्ट रिलियू नावाच्या कृष्णवर्णीय वंशाच्या अभियंत्यानं १८४० च्या दशकात तोड काढली. बंद भांडी एकाशेजारी एक ठेवायची, पहिल्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याखाली न्यायची, दुसऱ्यातली तिसऱ्याखाली. पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवला की रस कमी तापमानालाही उकळतो. एकदा दिलेली उष्णता दोन-तीनदा कामाला येते. आपले साखर कारखाने आजही याच तत्त्वावर चालतात. म्हणून त्यांच्याकडे बगॅस उरतो, आणि त्यावर वीज करून विकता येते. (चिपाडाचा ‘बगॅस’ झाला की त्याची किंमत वाढते, हेही आहेच.)

आणि इथंच आमचा खरा प्रश्न सुरू होतो. जोवर चिपाड टाकाऊ होतं तोवर ते कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. २०१२ मध्ये रंगराजन समितीनं शिफारस केली, की साखर आणि बगॅस, मळीसारखी उपउत्पादनं मिळून जे मूल्य होईल त्यातला ७० टक्के वाटा ऊस पिकवणाऱ्याचा. म्हणजे जळणावरही शेतकऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व म्हणून मांडलं गेलं. ऊस तोडणाऱ्याचं काय? त्याच्याकडे रूढीनं वाढे येतात. बैलांना घालून उरलेले तो विकतो. उद्या या वाढ्यांचंही जळण करायचं कुणी ठरवलं, तर ही रूढी कोणत्या कागदावर आहे?

शेणाचंही तसंच. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाचा एकच गोबरगॅस उभारला, स्वयंपाकासाठी. शेण पुरलं नाही. घरोघर चूल पेटेल एवढा गॅस होईना. मग १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पाणी आणि दिवे दिले, कारण गावाला नळाचं पाणी अधिक हवं होतं. शेण आणून देणाऱ्याला पैसे आणि वापरलेलं शेण खत म्हणून परत. दावणीला जनावर नसलेल्या घरालाही पाणी मिळालं. आम्हाला या प्रयोगातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

आपल्या शहरातही शेणाची एक सामाईक आग आहे, फक्त तिला आपण ऊर्जा-प्रकल्प म्हणत नाही. कोल्हापुरात अंत्यसंस्काराला महापालिका पैसे घेत नाही. होळीला लोक शेणी जाळण्याऐवजी स्मशानभूमीला दान करतात. देणाऱ्याला घेणारा कोण हे ठाऊक नसतं.

पण ती शेणी थापली कुणी? पुष्कळदा अशा बाईनं, जिच्याकडे स्वतःची म्हैस नाही. रस्त्यावरचं, माळावरचं शेण पाटीत भरून आणायचं, थापायचं, वाळवायचं आणि विकायचं. गावात मोठा गोबरगॅस आला आणि शेणाला किलोमागे भाव ठरला, की दुसऱ्या दिवशी माळावरच्या शेणालाही मालक सापडतो. संयंत्राचा खड्डा खणण्याआधी ग्रामसभेनं या पाटीचा हिशेब लिहून ठेवावा, असा आमचा आग्रह आहे. शेण आणून देणारी म्हणून तिला भाव मिळेल का, खड्ड्यातून निघणाऱ्या खतात तिचा वाटा किती, आणि गॅसची जोडणी तिच्या घराला मिळणार की नाही.