समजून घ्या : कामावरचा वाद साहेबांनी मिटवायचा कसा?

अकोट : मुक्कामाची फेरी पुन्हा माझ्याच वाट्याला का? जिनिंगमध्ये रात्रपाळी दरवेळी मलाच का? कामावरचे अनेक वाद अशा साध्या प्रश्नाने सुरू होतात. तक्रार साचत गेली तर वाद किती ताणला जातो, हे राज्याने एसटीच्या संपात पाहिले.

संपात काय घडले?
ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप सुरू झाला. मागणी होती महामंडळाच्या राज्य शासनात विलीनीकरणाची. दुखणे होते कमी आणि वेळेवर न मिळणाऱ्या पगाराचे. नोव्हेंबरमध्ये सरकारने सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात २,५०० ते ५,००० रुपयांची वाढ जाहीर केली. तरीही अनेक कर्मचारी कामावर परतले नाहीत. २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू व्हा, असे उच्च न्यायालयाने सांगितल्यावर संप मिटला. तोवर गावोगावच्या प्रवाशांचे हाल झाले.

वरिष्ठांनी काय करावे?
• दोघांचे आधी वेगवेगळे ऐका, मग समोरासमोर बसवा. सगळ्यांदेखत कोणाला झापू नका.
• मागणी आणि अडचण वेगळी करा. ‘मुक्कामी जाणार नाही’ ही मागणी. घरी आई आजारी, ही अडचण. अडचण कळली तर महिनाभर दिवसाची फेरी देऊन मार्ग काढता येतो.
• नोंदवही उघडा. कोणाच्या किती रात्रपाळ्या झाल्या, हे दोघांनाही दाखवा.
• ठरले ते लिहून ठेवा आणि १५ दिवसांनी पुन्हा विचारा.
• तक्रार तुमच्याच विरोधात असेल, तर निवाडा दुसऱ्याकडे द्या.

कायदा काय सांगतो?
औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. त्यात मालक आणि कामगारांचे समान प्रतिनिधी असतात, सदस्य जास्तीत जास्त १०. कामगाराने वर्षभरात तक्रार करायची, समितीने ३० दिवसांत काम पूर्ण करायचे.

कुठे मध्यस्थी करू नये?
लैंगिक छळाच्या तक्रारीत ‘आपसात मिटवा’ असे साहेबांनी म्हणू नये. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. समेटाचा प्रयत्न तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच होतो, आणि तोही पैशांच्या बदल्यात नाही.

तुमच्या कामाच्या ठिकाणी समितीवर कोण आहे, हे उद्याच विचारून ठेवा.